चाकापुढचा मारोती

फाट्यापासून चिंचखेडची निम्मी वाट सरली तेव्हा सिस्टर थांबली.

"बाजू बदलू वं रत्नमाला. माह्या या खांद्यानं आता राजीनामा देल्ला."

दोघींनी हळूच बॅटरी खाली टेकवली. जुन्या सुती साडीची झोळी, झोळीत मोटारीची नवी कोरी बॅटरी, झोळी बांबूला बांधलेली आणि बांबूचं एकेक टोक एकेकीच्या खांद्यावर, असा तो थाट होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाया कुणा आजाऱ्याला दवाखान्यात नेत आहेत. सिस्टरही मधूनमधून वळून झोळीत डोकवायची ती तशाच नजरेनं. कलली तर नाही? आतलं ॲसिड सांडलं तर नाही?

फाट्यावर उभी राहणारी एकुलती एक ऑटो सोयाबीनचे कट्टे घेऊन मंगरूळपीरला गेली होती. या दिवसांत इकडं माणसाला वाहन मिळत नाही, पोत्याला मिळतं. तेव्हा दोघी चालत निघाल्या. चालण्याचं त्यांना नवल नव्हतं. सुकेशनी सिस्टर सारा जन्म उपकेंद्राची नर्स होती आणि रत्नमाला अंगणवाडीची सेविका. पोलिओच्या डोसाची निळी पेटी मधे धरून दोघींनी या भागातले सगळे पांदणरस्ते तुडवलेले. आता सरकारनं सिस्टरला रिटायर केलं, पेटी दुसऱ्या कुणाच्या हाती गेली. पण मधे काहीतरी जड धरून चालायची दोघींची सवय काही सुटली नव्हती.

"सिस्टर, एक विचारू?" रत्नमाला म्हणाली. "तुमच्या त्या मोबाईलातल्या मानसानं सांगतलं ना, नवी बॅटरी लावली का गाडी चालू होते?"

"होते म्हनला."

"अन् नाई झाली तं?"

"तं मंग तो म्हनते, कमेंटमदी लिहा."

रत्नमालेला हसू आलं, पण ते तिनं पदरात घेतलं. कारण गाडी चालू होण्यात जसा सिस्टरचा जीव अडकला होता, तसा ती चालू न होण्यात अर्ध्या गावाचा अडकला होता. आणि रत्नमाला राहत होती त्या गावातच.

तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. लालसिंगचा, याच दसऱ्याला घेतलेला. पुढच्या लोखंडावर हळदीकुंकवाची बोटं अजून ताजी होती आणि झेंडूची माळ वाळून तिथंच लटकत होती.

"सिस्टर, काकू, बसा ना! पायी काहून चालून राह्यल्या?"

रत्नमालेचा जीव भांड्यात पडला. तिनं झोळीला हात घातला, तर लालसिंगनं वरूनच मान लांब केली.

"हे काय होय?"

"बॅटरी," सिस्टर म्हणाली.

"कायची?"

"माह्या गाडीची."

लालसिंगनं स्टेअरिंग सोडून दोन्ही कान पकडले. "मंग नोको बापा. तुमी दोघी बसा, तुमाले नाई म्हनत नाई. पन हे बॅटरी माह्या ट्रॅक्टरवर नोको. त्या गाडीपुढंच नारळ फोडला मी याचा."

"अरे, बॅटरीनं तुह्यं काय केलं?"

"केलं काही नाई. पन गाडी चालू होऊन निंगून गेली, तं मारोतीनं कोनापाशी राहावं, सांगा?"

"डोंगर उचलनाराले सोबत लागते काय रे?"

"तुमाले नाई समजाचं ते, सिस्टर," लालसिंग अगदी आदरानं म्हणाला आणि ट्रॅक्टर काढून निघून गेला. बाया चालतील, बॅटरी चालणार नाही, असा निकाल लागला. दोघींनी पुन्हा बांबू खांद्यावर घेतला.

आता एका बंद गाडीच्या बॅटरीला चालत्या ट्रॅक्टरनं का भ्यावं, हे समजायला जरा मागं जावं लागतं.

सिस्टरचा नवरा विनोद वाशीमला एका मोठ्या ऑफिसात ड्रायव्हर होता. साहेब येत, साहेब जात. गाडी तीच, पांढरी ॲम्बेसेडर, आणि विनोदही तोच. साहेब उतरले की दार उघडायचं, बसले की लावायचं, आणि साहेब आत मीटिंगला गेले की बाहेर लिंबाच्या झाडाखाली गाडीत बसून वाट बघायची. निम्मी नोकरी त्याची वाट बघण्यातच गेली. पुढं साहेब लोकांना नव्या, गार हवेच्या गाड्या आल्या आणि ॲम्बेसेडर लिलावात निघाली. विनोदनं बोली लावून ती घेतली. ज्या दिवशी गाडी घरी आणली त्या दिवशी सिस्टर नवी साडी नेसून पुढच्या सीटवर बसायला गेली, तर हा खाली उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि त्यानं मागचं दार उघडून धरलं.

"तू साहेबावानी माघं बस," म्हणाला.

मानानं म्हणाला बिचारा. तिला पुढं बसायचं होतं. पण नवऱ्यानं एवढ्या अदबीनं दार उघडून धरल्यावर बाईमाणसानं काय बोलावं? ती मागं बसली. आणि गाडी चालली तोवर मागंच बसत राहिली. धनजला माहेरी गेली ती मागं बसून, मुलाला, अमरदीपला, पुण्याच्या गाडीवर सोडायला गेली ती मागं बसून. रस्ता दिसायचा तो नवऱ्याच्या मानेच्या बाजूनं जेवढा दिसेल तेवढा.

मग पेट्रोल महागलं, विनोदचे डोळे अधू झाले आणि गाडी अंगणात उभी राहिली. अंगणाला रस्त्याकडं उतार, हँडब्रेक गेलेला. म्हणून विनोदनं नाल्यातून एक चांगला घोटीव दगड आणून डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाला लावला. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, मुलाच्या लग्नात अक्षता नको फुलं टाका म्हणून भांडलेला माणूस. त्यानं आपल्या हातानं गावाला एक मारोती आणून दिला, आणि त्याचं त्यालाच कळलं नाही.

झालं असं, की शेजारच्या धुरपताबाईची, म्हणजे रत्नमालेच्या सासूची, गाय हरवली. म्हातारी गावभर रडली, मारोतीला नवस बोलली, आणि गाय सापडली ती विनोदच्या गाडीच्या सावलीत, तो दगड चाटत उभी. म्हातारीनं तेल आणलं, शेंदूर आणला आणि दगडाला चांगला माखला.

विनोद हसला. म्हणाला, "मावशी, हे माह्या गाडीचं हँडब्रेक होय."

"असू दे बापा," म्हातारी म्हणाली. "थांबवते ना? मंग देवच होय."

म्हातारी गेली तेव्हा घरातला पितळी हंडा, गाय आणि हा मारोती रत्नमालेकडं आला. दर शनिवारी वाटीभर तेल, चिमूटभर शेंदूर, रुईच्या पानांची माळ. रत्नमाला देवाधर्माची, पण गवगवा करणारी नव्हे. पहिल्या-पहिल्यानं तिला वाटायचं, सासूनं दिलेल्या वस्तू आवडो न आवडो वापराव्या लागतात, त्यातलाच हा एक. मग कधीतरी ती तेल घालता-घालता त्याच्याशी बोलायला लागली. पोराची नोकरी, गुडघ्याचं दुखणं, मानधन थकलेलं. तो ऐकून घ्यायचा. घरात एवढं ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

पुढं गावातला ग्यानबा मोटारसायकलवरून पडला आणि त्याला खरचटलंसुद्धा नाही. त्याला आठवलं, की सकाळी आपण गाडी याच दगडाजवळ उभी केली होती. झालं. लोक नव्या गाड्या घेऊन पूजेला येऊ लागले. आधी चिंचखेडचे, मग आजूबाजूचे, मग थेट मानोऱ्याकडचे. दसऱ्याला तर रांग लागायची. जी गाडी बारा-चौदा वर्षांत वीतभर हलली नाही, तिच्यापुढं पंचक्रोशीतल्या गाड्या सुखरूप चालाव्यात म्हणून नारळ फुटू लागले. दगडाचं नाव पडलं गाडीवाला मारोती. विनोद आधी येणाऱ्यांना चहा पाजायचा. मग नारळाचं पाणी बोनेटवर उडतं म्हणून ओरडायचा. मग ओरडणंही सोडलं. मग तो गेलाच. त्याच्या तेराव्याला नव्हे, ते त्यांच्यात नसतं, पण पुण्यानुमोदनाच्या जेवणाला आलेले पाहुणेसुद्धा परतताना हळूच चाकापुढं हात जोडून गेले.

सरपंच उदयसिंगनं यंदा तिथं सभामंडप मंजूर करून आणला. नकाशा दाखवायला सिस्टरकडं आला तेव्हा फार गोड बोलला. "सिस्टर, गाडीले धक्का नाई लागू देनार. गाडीले चांगला भगवा रंग मारू, चारीबाजूनं काच लावू. विनोदभाऊचं नाव होईन."

पुण्याहून अमरदीप फोनवर म्हणाला, "आई, देऊन टाक. गावाशी वाकडं कशाला? गाडी कुठं चालते आता?"

"चालली तं?"

"चालली तर ठेव. पासिंग करून आण, कागद दाखव, मी स्वतः सरपंचाशी बोलतो."

पासिंगला गाडी वाशीमलाच न्यावी लागते. तारीख मिळाली येत्या सोमवारची. आणि सोमवारी गाडी हलली नाही, तर मंगळवारी मंडपाचे खड्डे.

सिस्टरनं रत्नमालेला एकदाच, भाजी निवडता-निवडता सांगितलं होतं. "मले काही मोठं नाई कराचं वं. सोता चालवत वाशीमले न्यावं, अन् तो जठी उभी करे तठी त्या ऑफिसासमोर उभी करून पुढच्या सीटवर घंटाभर बसावं. बस्स. मंग कोनी भगवा रंग लावो का निया रंग लावो."

लायसन्स तिनं मंगरूळपीरच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून आधीच काढलं होतं, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या रांगेत बसून. पण गाडी दुरुस्त करायला एकही मिस्त्री येईना. एक जण आला, त्यानं बोनेट उघडलं, मग त्याची नजर चाकाकडं गेली. त्यानं बोनेट मिटलं, दगडाला हात जोडले आणि जायचं भाडंसुद्धा न मागता गेला. तेव्हा सिस्टरनं ठरवलं, की हा पेशंट आपणच बघायचा.

आणि पेशंटसारखाच बघितला तिनं. पहिल्या दिवशी पाने आणि स्क्रूड्रायव्हर कुकरमधे घालून उकळले. रत्नमालेनं विचारलं, गाडीले काय जंतू होतीन? तर म्हणे, "सवय होय. उकडल्याबगर हात नाई लागत." बोनेटच्या आत उंदरांनी चिंध्यांचं घरटं केलेलं, पेट्रोलच्या टाकीत काकवीसारखा काळा चिकट राब. मोठ्या सिरिंजनं तिनं इंजिनाच्या चारही भोकांत तेल सोडलं आणि तीन दिवस पेशंटला आराम दिला. मग दोघींनी पुढून लोखंडी हँडल घालून, त्याला लोंबकळून, इंजिन फिरवायचा प्रयत्न केला. पहिले दोन दिवस इंजिनाऐवजी त्याच फिरल्या. तिसऱ्या दिवशी आत काहीतरी कण्हलं आणि हँडल अर्धा वेढा फिरलं. सिस्टरनं टाळ्या वाजवल्या. बाळंतीण सुटली की ती अशाच टाळ्या वाजवायची.

टाकी घाण म्हणून पेट्रोल कुठून द्यायचं, हा प्रश्न पडला. सिस्टरनं सलाईनची रिकामी बाटली काढली, बोनेटच्या दांडीला उलटी टांगली, तिच्यात पेट्रोल भरलं आणि नळी कार्बोरेटरला जोडली. थेंब-थेंब मोजत नळीवरची चकती फिरवून धार बेताची केली. दुपारपर्यंत गावभर झालं, की सिस्टरनं गाडीले सलाईन लावली. बाबूसिंग मास्तर शाळा सुटल्यावर मुद्दाम बघून गेले आणि म्हणाले, "तब्येत कशी हाय?"

चाकं खोलताना तर वेगळीच गंमत झाली. तीन चाकांचे नट गंजून दगड झालेले. पान्यावर उभं राहून उड्या मारल्या, रत्नमालेच्या घरची सब्बल, म्हणजे पहार, घालून रेटलं, तरी हलेनात. आणि डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाचे, ज्याच्यावर वर्षानुवर्षं शनिवारचं तेल ओघळलं, ते पाना लावताच लोण्यासारखे सुटले. रत्नमालेनं मनोमन हात जोडले.

"पाह्यलं सिस्टर? देवाचं तेल."

"तेल तं तेलच असते वं, देवाचं असो का भज्याचं. अन् टायर पाह्य कसा फुगून सडला त्याच तेलानं."

दोघींचंही खरं होतं. टायर मात्र बदलता आला नाही. कारण चाकाचा खालचा भाग दिसतच नव्हता. इतक्या वर्षांचा तेल-शेंदूर थरावर थर चढून मारोतीचं अंग एवढं वाढलं होतं, की त्यानं चाक पार पोटाशी धरलं होतं. सिस्टरनं त्याला हात लावला नाही. नट परत आवळले, त्या सडक्या टायरात जपून हवा भरली आणि पुढच्या कामाला लागली.

मधे एक घोटाळा झाला. प्लगच्या चार वायरी सिस्टरनं एक, दोन, तीन, चार अशा ओळीनं लावल्या, अंगणवाडीतली पोरं बसवतात तशा. त्या तशा लावायच्या नसतात. इंजिनाचा आपला एक वेगळाच क्रम असतो, हे तिला कसं ठाऊक असणार? बॅटरी आणली होती भजनी मंडळाच्या भोंग्याची, उसनी. किल्ली फिरवली आणि मागच्या नळकांड्यातून असा बार निघाला, की शाळेतली पोरं बाहेर पळाली, पारावरचे म्हातारे उठून उभे राहिले आणि रत्नमालेची गाय दावं तोडून गेली. गावाचं एकमत झालं, की मारोती कोपला. संध्याकाळी भजनी मंडळाची माणसं आली आणि आपली बॅटरी घेऊन गेली. सिस्टरनं मोबाईलात पाहून वायरी एक, तीन, चार, दोन अशा बदलल्या, पण बॅटरीच नाही तर पडताळायचं कसं? म्हणून मग शुक्रवारची ही मंगरूळपीरची फेरी आणि ही झोळी.

दोघी घरी पोचल्या तेव्हा ऊन कलतं झालं होतं. लालसिंग आधी पोचला होता, त्यामुळं सांगायची गरज कुणाला उरली नव्हती. अंगणाबाहेर माणसं जमलेली. पारावर असतात तेवढी आणि वर पारावर कधी येत नाहीत तेवढीही. सिस्टरनं पाणीसुद्धा न पिता बॅटरी बसवली, सलाईन भरली, आणि पुढचं दार उघडून आत बसली. पुढच्या सीटवर. रत्नमालेचं बाकी कुणाकडं लक्ष नव्हतं. तिनं तेवढंच पाहिलं. सीटची फाटकी खोळ सिस्टरनं तळहातानं सारखी केली, जशी पाहुण्याकडं बसताना बाई करते.

किल्ली फिरली. गाडी खोकली. पुन्हा फिरली, पुन्हा खोकली. मागं कुणी तरी हसलं. तिसऱ्यांदा गाडी खोकली, थांबली, आणि मग कुणाला अपेक्षा नसताना एकदम लागली. सगळं अंग थरथरवत, निळा धूर सोडत, भाताच्या गिरणीसारखा आवाज करत, पण लागली!

मग ग्यानबा ओरडला, "बोला बजरंगबली की!" आणि सगळ्यांनी जय म्हटलं. कुठून तरी नारळ आला, फुटला. ज्यांनी कोप झाला म्हणून सांगितलं होतं, त्यांनीच आता कृपा झाली म्हणून सांगितलं. माणसं एकेक करून पुढं आली आणि चाकापुढच्या दगडाच्या पाया पडून गेली. स्टेअरिंगमागं बसलेल्या बाईकडं कुणी पाहिलंही नाही. सिस्टरच्या कपाळावर ग्रीसचा पट्टा होता, कुंकवासारखा आडवा. एका म्हातारीनं तर खिडकीतून आत वाकून तिच्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "घे माय, मारोतीचा प्रसाद. त्यानं केलं पाह्य सारं."

"हो ना," सिस्टर म्हणाली आणि खोबरं खाल्लं. सकाळपासून उपाशी होती.

मग तिनं क्लच दाबला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा गिअर मधे खाली होता. हिचा स्टेअरिंगच्या दांडीला. दोनदा तिचा हात सवयीनं खाली जाऊन रिकाम्या हवेत चाचपला, पोरं फिदीफिदी हसली. तिसऱ्यांदा पहिला गिअर पडला. तिनं क्लच हळूहळू सोडला. गाडीनं पुढं झेप घ्यायचा आव आणला, नाक वर केलं, अंग ताठ केलं आणि तिथंच थरथरत उभी राहिली. चाक मारोतीच्या पोटात. तिनं मागचा गिअर टाकून पाहिला. मागं वीतभरावर रत्नमालेच्या गोठ्याची भिंत, आणि चाक तर मागंही निघेना. गाडी बंद पडली.

उदयसिंग पुढं आला. चेहरा दुखवट्याला आल्यासारखा केला होता, पण डोळे काही त्याला साथ देत नव्हते.

"सिस्टर, चालू झाली हे खरं. आमी नाई कुठी म्हनतो? पन जाऊ नाई देऊन राह्यला तो. मर्जी दिसते त्याची."

"मर्जी नोको पाहू, उदयसिंग भाऊ. शेंदूर पाह्य," सिस्टर म्हणाली. "दगड बाजूले घ्या. मी सोमवारी जाईन अन् संध्याकाळी अठीच आनून उभी करीन."

"देव असा उचलता येते काय? महाराजाले विचारा लागन, मुहूर्त पाहा लागन. हनुमान जयंतीले पाहू ना, चैत्रात."

सोमवार तीन दिवसांवर आणि चैत्र पाच महिने दूर. पोलिओच्या दिवसांत डोस नको म्हणून दार लावून घेणाऱ्यांशी सिस्टर वाद घालायची नाही, तसा तिनं आताही घातला नाही. उतरली, सलाईनची नळी बंद केली, बोनेट लावलं आणि मोरीवर जाऊन कोपरापर्यंत साबणानं हात धुतले. खूप वेळ धुतले. माणसं हळूहळू पांगली. उदयसिंग जाताना मंडपाच्या खांबांच्या जागा पावलांनी मोजत गेला.

रत्नमालेनं आपल्या घरून चहा आणला. दोघी गाडीच्या पायरीवर, टेकायला दाराचा आधार घेऊन बसल्या. दिवस बुडायला आला होता. शेजारी चाकापुढं तो होता. तेलानं चमकणारा, वर ताज्या खोबऱ्याचे तुकडे, मुंग्यांची रांग लागलेली.

रत्नमालेला राग आला होता. कुणाचा, ते तिचं तिला सांगता येईना. उदयसिंगचा म्हणावा तर तो काही नवीन माणूस नव्हता. मारोतीचा म्हणावा तर जीभ रेटेना. हा नुसता दगडच असता, तर आपण त्याला एवढ्या गोष्टी सांगितल्याच नसत्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि नुसता दगड नसेल, तर मग तो इथंच कशाला अडकून बसेल? पण हे असं गावासमोर बोलायचं कुणी?

"सिस्टर," ती म्हणाली, "दगड तं विनोदभाऊनंच आनला होता. तुमच्या घरचा होय. तुमीच काहून नाई काढत?"

सिस्टरनं चहाचा घोट घेतला.

"मी हात लावला तं परवा पेपरात येईन. 'यायनं देव काढला' म्हनतीन. पोलीस येतीन, दोन्ही मोहल्ल्यातले पोट्टे कामधंदा सोडून आमनेसामने उभे राहतीन, अमरदीपले नोकरी टाकून धावत याव लागन. अन् गाडी? ते तं अठीच राहीन, पंचनाम्यात."

"अन् मी काढला तं?"

"तुले शिव्या देतीन. म्हनतीन, बाईचं डोकं फिरलं, धुरपताबाई असती तं असं न होतं. पाच-सात दिवस तुह्याशी बोलनार नाईत. मंग नवी मोटारसायकल कोनी तरी आननच. तो विचाराले तुह्याच दारी येईन, काकू, नारळ आता कुठी फोडाचा?"

खोटं त्यात काही नव्हतं, हेच वाईट होतं. पाच-सात दिवस गावानं न बोलणं म्हणजे काय, हे गावात न राहणाऱ्याला कळायचं नाही. नळावर कळशी मागं सरकवतात, अंगणवाडीत पोरं पाठवत नाहीत, हळदीकुंकवाला नेमकं तुमचंच घर विसरतात. तिनं कप खाली ठेवला. पलीकडं लिंबाच्या झाडाखाली जमीन आजच सारवलेली दिसली, चौकोनी, मधे एक पांढरी रांगोळीची रेघ. सिस्टरच्या दारात रांगोळी तिनं इतक्या वर्षांत कधी पाहिली नव्हती.

"हे कोनं केलं?"

"मीच केलं, सकायी. रांगोयी बिघडली असंन, सवय नाई." सिस्टर उठली, रत्नमालेच्या समोर उभी राहिली. कपाळावरचा ग्रीसचा पट्टा धुवूनही गेला नव्हता. उभ्या जन्मात तिनं रत्नमालेकडं पेटीचं दुसरं टोक धरण्यापलीकडं काही मागितलं नव्हतं, आणि आता मागताना तिचा आवाज दवाखान्यातल्यासारखा बारीक झाला होता.

"पाह्य रत्नमाला, माही त्याची ओयख नाई. एका अंगनात राह्यलो, पन बोलनंचालनं कधी झालं नाई आमचं. तुह्यं उठनंबसनं हाय त्याच्याशी, तुह्यं तो ऐकते. उद्या शनिवार होय, तू तेल घालाले येशीनच. तं त्याले एवढं सांग माह्या इकून, का बापा, तठी लिंबाखाली सावली हाय, जागा सारवून ठेवली हाय, जरासा सरक. अन् येताना तेलाच्या वाटीसंग तुह्या घरची सब्बल बी घेऊन ये."